कॉम्प्युटरची खेळी बाकी आहे

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

सकाळी नळाला पाणी आले नाही. दहा वाजता आले. कपडे धुतले, पोस्टात जाऊन आलो, आणि दुपारी तुझ्या ताईच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचे आवरण काढले. ती गेल्यापासून ते कोणी काढले नव्हते. बटण दाबल्यावर पंखा फिरला, आत काहीतरी कुटकुटले आणि काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली की डिस्क सापडत नाही. बंद करून पुन्हा चालू केले. पुन्हा तीच ओळ.

खालच्या मोबाइलवाल्याला वर बोलावले. तो दारातूनच म्हणाला, काका, याला आता हार घाला आणि नवा घ्या. मग त्याच्या लक्षात आले की भिंतीवर खरोखरच एक हार आहे. तो बिचारा चहाही न घेता गेला.

मला नवा नको. मला हाच हवा, आणि त्यात तीच जुनी सिस्टीम हवी, कारण आमचा बुद्धिबळाचा खेळ नव्या सिस्टीमवर चालत नाही, असे तुझी ताई सांगायची. माझा आणि कॉम्प्युटरचा एक डाव अर्धा राहिला आहे. नोव्हेंबरात आम्ही दवाखान्यात जायला निघालो, त्या सकाळी गाडी येईपर्यंत थोडा वेळ होता. तेवढ्यात मी खेळी केली. माझ्या वजिराने त्याचे कोपऱ्याजवळचे प्यादे खाल्ले. आता त्याची खेळी बाकी आहे.

डाव मात्र सुरक्षित आहे. कॉम्प्युटरवरची प्रत्येक खेळी मी लाकडी पटावरही मांडून ठेवत असे. वजनमापे खात्यात प्रत्येक मापाची दुसरी प्रत ठेवायची सवय होती, ती राहिली. पट जसाच्या तसा आहे. मी धूळसुद्धा मोहरे न हलवता फुंकून काढतो.

तुझे दुकान याच कामाचे, म्हणून तुला लिहितो. मला फक्त त्याचे उत्तर हवे आहे. मग हा कॉम्प्युटर कोणीही न्यावा.

फोन केला असता, पण फोनवर आपण दोघेही नुसते 'हं' म्हणत राहतो.

— भाऊजी


९ फेब्रुवारी

ती. भाऊजींना नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण दुकानात जमिनीवर सगळीकडे उघडे की-बोर्ड पडलेत. त्यातल्या एकात अख्खी चकली सापडली.

तुमची सिस्टीम मिळाली. माझ्याकडे एका खोक्यात होती, ज्यावर मी स्वतःच 'फेकणे' असं लिहून ठेवलं होतं. तुमच्या कॉम्प्युटरची डिस्क मेली आहे, दुसरी पाठवतेय. ती लोकरी मोज्यात गुंडाळली आहे. मोजे तुमचेच, मागच्या वेळी विसरला होतात. सोबत एक फ्लॉपी, एक सीडी आणि नाण्याएवढी एक बॅटरी आहे. कोणती वस्तू कुठे घालायची ते चित्र काढून दिलंय. चित्रात जो चौकोन तिरका आलाय, तो प्रत्यक्षात सरळ आहे. फ्लॉपी उलटी जात नाही, तेव्हा जोर लावू नका. टक्के मोजणारी पट्टी मध्येच थांबेल, तेव्हा ती मेली असं समजून बटण दाबू नका. ती फक्त तुमच्यासारखी आहे, हळू बोलते.

आता मुद्द्याचं. तो बुद्धिबळाचा खेळ माझ्याकडे नाही. गेला, हरवला, संपला. त्याच्या नादी लागू नका. सिस्टीममध्ये पत्त्यांचा खेळ आयताच आहे, तो खेळा. एकट्याला छान खेळता येतो. आणि बुद्धिबळच हवं असेल तर मी तुम्हाला नवा कॉम्प्युटर देते, पैसे नकोत. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर देतो. त्या जुन्या ठोकळ्याकडून तुम्हाला असं काय उत्तर हवंय?

जेवता ना वेळेवर? नुसतं 'हो' लिहू नका, काय जेवलात ते लिहा.

— धाकटी


२० फेब्रुवारी

चि. धाकटीस,

काल भात, आमटी. आज भात, कालचीच आमटी.

पार्सल पोचले. मोजे माझे नाहीत, पण बरोबर बसले.

फ्लॉपी उलटी जात नाही हे खरे आहे. मी खात्री करून घेतली. डिस्क बसवली, निळा पडदा आला, आणि एका टप्प्यावर त्याने विचारले की या डिस्कवरचे सर्व काही पुसले जाईल, पुढे जायचे का? डिस्क कोरी आहे हे मला ठाऊक होते. तरी 'हो' म्हणायला मला संध्याकाळ झाली.

मग टक्के वाढू लागले. अठ्ठाविसावर थांबले. तुझ्या सूचनेप्रमाणे हात लावला नाही. जेवून आलो तेव्हा एकोणतीस झाले होते. दुसऱ्या दिवशी सर्व पूर्ण होऊन पडद्यावर तारीख आली, १ जानेवारी १९८०. त्या जानेवारीत मी नोकरीला लागलो नव्हतो आणि तुझ्या ताईला पाहिलेही नव्हते. थोडा वेळ ती तारीख तशीच राहू दिली. मग बॅटरी बदलून आजची घातली.

खेळाची फ्लॉपी तुझ्या ताईच्या बटणांच्या डब्यात तळाशी मिळाली. तेव्हा खेळ गेलेला नव्हता.

आता तक्रार. तुझ्या इन्स्टॉलमध्ये काहीतरी चुकले आहे. मी पटावरून पाहून सर्व मोहरे मांडले आणि माझी शेवटची खेळी केली. माउसवरचा हात उचलायच्या आत कॉम्प्युटरने उत्तर दिले. भलतीकडचे एक प्यादे पुढे सरकवले. मी त्याचा हत्ती फुकट खाल्ला. अशी चूक त्याने कधी केली नव्हती.

आमचा कॉम्प्युटर असा नव्हता. मी सकाळी कामावर जाण्यापूर्वी, निवृत्तीनंतर बाहेर पडण्यापूर्वी, खेळी करी आणि तो दिवसभर विचार करी. तुझी ताई त्यावर लोकांची टायपिंगची कामे करायची. ती म्हणे, माझ्या टायपिंगच्या मधल्या फटींत तो विचार करतो, त्याला घाई करू नका. संध्याकाळी आलो की उत्तर तयार असे. त्याच्या सवयी मला पाठ होत्या. उन्हाळ्यात तो मंद खेळे. घरात थोडी बोलाचाली झाली असेल त्या दिवशी मात्र फार जोरात खेळे. व्होल्टेजचा काही संबंध असावा. तुझी ताई तुझ्याकडे आली की डाव बंद, कारण तिच्यामागे मशीन चालू करायचे नाही असा तिचा नियम होता.

यंत्राला खोड्या असतात, पण यंत्र खोटे बोलत नाही. ते माणसाचे काम. नोकरीभर मी हेच पाहिले. तरी नीट इन्स्टॉल कसे करायचे ते कळव.

— भाऊजी


२६ फेब्रुवारी

ती. भाऊजी,

तुमचं पत्र दुकानात वाचलं आणि व्होल्टेजपाशी मला असा ठसका लागला की गिऱ्हाइकाने पाणी आणून दिलं. ठसकाच होता, दुसरं काही नाही.

तुमचं निदान अगदी बरोबर आहे. इन्स्टॉल बिघडलंय. होतं असं, वेग वाढतो आणि समजूत कमी होते. माणसांचंही होतं. ते आता तुमच्याकडे दुरुस्त होणार नाही, तेव्हा परत परत टाकत बसू नका.

पण माझ्या दुकानात मागच्या बाजूला तसाच एक जुना कॉम्प्युटर आहे, हळू चालणारा, विचारी, घरंदाज. डाव कसा उभा आहे ते कागदावर काढून पाठवा. मी त्यात मांडते, त्याला हवा तेवढा विचार करू देते आणि उत्तर पोस्टाने कळवते. वेळ लागेल. चांगल्या घरच्या कॉम्प्युटरला घाई करून चालत नाही.

आमटी रोज नवी करत जा.

— धाकटी


३ मार्च

चि. धाकटीस,

आज पेन्शनच्या कामासाठी बँकेत गेलो. रांग होती. परत येऊन डाव काढला, तो सोबत आहे. काळे मोहरे कॉम्प्युटरचे. शाई पुसेल म्हणून पेन्सिलीवर चिकटपट्टी लावली आहे.

आमची शर्तही तुला माहीत असावी. डाव हरेल त्याने रात्रीची भांडी घासायची. कॉम्प्युटरला हात नाहीत, म्हणून तो हरला तर त्याच्या वतीने तुझी ताई घासे. ते मला कधीच न्याय्य वाटले नाही, पण शर्त तिनेच ठरवली होती. तळाला लागलेले दुधाचे पातेले शर्तीत धरायचे नाही, असे एक कलम मी नंतर घातले. मी ते पाणी घालून तसेच ठेवून देत असे. सकाळी ते घासलेले असे.

तुझ्या कॉम्प्युटरला हे सांगायची गरज नाही. तुला माहितीसाठी.

आमटी नवी केली.

— भाऊजी


१२ मार्च

ती. भाऊजी,

उत्तर आलं. फार विचार केला हो त्याने, पाच दिवस नुसता घुमत होता. काळ्याचा वजीर तिरपा थेट तुमच्या राजासमोर. शह!

बघा, तसाच आहे की नाही तुमचा जुना दोस्त? आता तुमची खेळी पाठवा. आपण असं पोस्टाने सावकाश खेळत राहू. म्हणजे, तो आणि तुम्ही.

— धाकटी


१७ मार्च

चि. धाकटीस,

आज दिवसभर घरीच होतो.

तुझ्या कॉम्प्युटरची खेळी मी पटावर करून पाहिली आणि लगेच मागे घेतली. तो कॉम्प्युटर इतक्या वर्षांत कधी वजीर घेऊन असा धावत सुटला नाही. तो आधी घर आवरे, मग बाहेर पडे. ही खेळी करणाऱ्याला शह म्हणायची हौस आहे, पुढचे पाहायची नाही. तू लहान असताना आमच्या लग्नानंतर एकदा माझ्याशी खेळली होतीस. तेव्हाही दुसऱ्याच खेळीला वजीर बाहेर काढला होतास आणि हरल्यावर पट उलटा केला होतास.

माप खोटे असले तर ते काट्यावर ठेवण्याआधीच हाताला कळते. तुझ्यावर रागावलो नाही. का केलेस ते मात्र कळेना, म्हणून दुपारी कॉम्प्युटर चालू केला आणि वरच्या मेनूत गेलो.

तुझ्या ताईने तिथे हात लावू नका म्हणून सांगितले होते. लावलात तर सील तोडल्यासारखे होईल, म्हणाली होती. आमच्या खात्यात सील तोडणे म्हणजे काय हे तिला चांगले ठाऊक होते, त्यामुळे इतक्या वर्षांत मी तो बाण तिकडे नेलासुद्धा नाही. आज सील तोडले.

तिथे विचारले आहे, काळे कोण खेळणार? दोन पर्याय आहेत. 'कॉम्प्युटर' आणि 'दुसरा खेळाडू'.

मी त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. मग उन्हाळ्यातला मंदपणा आठवला. व्होल्टेज आठवले. ती तुझ्याकडे आली की बंद पडणारा डाव आठवला.

मला एकच सांग. आमच्या घरी कोणता पर्याय होता?

— भाऊजी


२२ मार्च

भाऊजी,

दुसरा.

तुमचं पत्र आल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि आत स्टुलावर लिहायला बसले. आता ताईने मला वरून कितीही डोळे वटारले तरी सांगतेच.

तो कॉम्प्युटर घरी आला तेव्हा पहिल्या दिवशी तुम्ही खऱ्या कॉम्प्युटरशीच खेळलात. तेव्हा त्याची पातळी सर्वांत वरची होती (आता नव्याने टाकल्यावर ती तळाची आहे, म्हणून तुम्हाला हत्ती फुकट मिळाला). त्याने तुम्हाला चहा निवायच्या आत मात दिली. तुम्ही म्हणालात, यंत्र उद्धट आहे, आणि उठून गेलात. ताईला वाईट वाटलं, आणि हसूही आलं. मला फोन करून म्हणाली, याला जरा माणसात आणता येईल का? मेनू मीच दाखवला. ठरलं होतं की आठवडाभर मजा करायची आणि मग तुम्हाला सांगून टाकायचं.

मग तिने सांगितलंच नाही. मी विचारायचे, अगं किती दिवस फसवणार त्यांना? तर एकदा म्हणाली, "अगं, एरवी घरात आले की दोन वाक्यं बोलतात. त्या यंत्राबद्दल मात्र जेवण होईपर्यंत बोलतात. त्याने असं का केलं, आता तो काय करेल. माझ्याबद्दलच बोलतात गं, त्यांना माहीत नाही एवढंच. मी कशाला थांबवू?"

सुरुवातीला अडली की मला फोन करायची. मी दोनदा खेळी सांगितली. दोन्ही वेळा वजीर. दोन्ही वेळा ती हरली आणि भांडी घासत मला शिव्या घातल्या. त्यानंतर माझं मत विचारणं बंद. ग्रंथालयातून बुद्धिबळाची पुस्तकं आणून पिठाच्या डब्यामागे ठेवायची. अख्ख्या बाजाराचे तराजू तपासणारा माणूस, आणि त्याच्या घरात पिठाच्या डब्यामागे हा काळाबाजार! मी तिला म्हणायचे, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आणि ते व्होल्टेज नव्हतं, भाऊजी. ताई होती.

तुमच्या शेवटच्या खेळीचंही तिला माहीत होतं. दवाखान्यात तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात, तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाली, प्यादं खाऊन बसलेत, खूश आहेत, आता बघ. मी म्हटलं, सांग की काय करणार आहेस. तर म्हणाली, "तुला नाही सांगत. तू परत वजीर काढशील."

झोपल्या झोपल्या इतकी हसली की नर्स बघायला आली. त्यानंतर विषय निघाला नाही. त्यामुळे ती खेळी मला खरंच माहीत नाही. माहीत असती तर तो शह द्यायची लाज मी पत्करली नसती.

तुम्हाला तुमचा दोस्त हरवू नये म्हणून मी हे सगळं केलं. ताई गेलीच होती, म्हटलं निदान कॉम्प्युटर तरी राहू दे. आता रागवा.

— धाकटी


२ एप्रिल

चि. धाकटीस,

तुझे पत्र आले त्या दिवशी इस्त्रीचे कपडे आणले आणि दिवा लागायच्या आत झोपलो. नंतरचे दोन दिवस टेबलाकडे गेलो नाही. रागावलो होतो. कोणावर ते ठरेना. तुझ्यावर रागावून उपयोग नाही आणि तिच्यावर रागवायची सवय नाही.

मग एक गोष्ट आठवली. ते दोन डाव कॉम्प्युटर फार वाईट हरला, तेव्हा मला वाटले की आत धूळ साचली आहे. मी त्याची बाजू उघडून ब्रशने पंखा साफ केला. तुझी ताई विजेरी धरून शेजारी उभी होती. मी तिला समजावून सांगितले की डोक्यात धूळ गेली की असेच होते. ती म्हणाली, नीट साफ करा, कोपरे राहतील. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हते. नोकरीभर मी खोटी मापे वापरणारे दुकानदार पाहिले. एकालाही असा चेहरा जमला नव्हता. हे आठवून मला हसू आले, आणि घरात कोणी नसताना मोठ्याने हसण्याची माझी ती पहिलीच वेळ. शेजारच्या बाईंनी दार वाजवून सर्व ठीक आहे ना म्हणून विचारले.

पण हिशेब तितका एकतर्फी नाही. थंडीत तिचे हात फुटायचे. कॉम्प्युटर हरला तर भांडी तिच्यावर येत, म्हणून त्या दिवसांत मी पुष्कळ डाव मुद्दाम हरत असे. हत्ती उघडा ठेवायचा, घोडा विसरायचा. मला वाटे, यंत्राला काय कळणार? आता वाटते की तिला पहिल्याच वेळी कळले असेल. ग्रंथालयातली पुस्तके वाचत होती म्हणतेस, तर कळलेच असेल. मग उन्हाळ्यात कॉम्प्युटर मंद का व्हायचा, तेही वेगळे पाहायला हवे. उन्हाळ्यात मला बाजारांतून फिरतीचे काम असे आणि मी दमून येत असे.

पिठाच्या डब्यामागे पाहिले. एक पुस्तक अजून तिथे आहे. ग्रंथालयात देऊन आलो. त्यांनी आत काही खूण वगैरे आहे का म्हणून विचारले. पीठ होते.

आता डावाबद्दल. मी आजवर तो पट माझ्या बाजूनेच पाहत होतो. परवा तिच्या खुर्चीवर बसलो. ती माझ्या खुर्चीपेक्षा ठेंगणी आहे आणि तिथून स्वयंपाकघरातले बेसिन सरळ दिसते. पट फिरवला नाही. मीच पलीकडे गेलो. काळ्याकडून पाहिले तर माझा वजीर कोपऱ्यात प्यादे खाऊन बसलेला, आणि मला वाटत होते तितका ऐटीत दिसेना.

पहिल्या दिवशी काही दिसले नाही. शह द्यावासा वाटला. तुझी आठवण झाली. दुसऱ्या दिवशीही नाही. आज दुपारी दिसले. काळ्याचा घोडा मागे जातो. जिथून निघाला होता तिथेच, आपल्या घरी. शह नाही, काही खाणे नाही. माणूस घरी परत येतो तशी साधी खेळी. पण तो तिथे गेला की माझ्या वजिराची परतीची वाट बंद होते. पुढच्या खेळीला तो जातो आणि मग माझ्याकडे काही उरत नाही. मी सगळ्या बाजूंनी तपासले. सुटका नाही. पुढे जाणाऱ्या मोहऱ्यांकडेच माझे लक्ष असायचे. कोणी मागे येईल हे मी कधी पाहतच नसे.

हीच तिची खेळी होती. तू वजीर काढशील म्हणून तुला सांगितली नाही, ते बरोबरच केले.

मी तिच्या खुर्चीवरून घोडा उचलला आणि मागे ठेवला. मग उठून माझ्या खुर्चीवर आलो, पाहिले आणि राजा आडवा केला.

तू पाठवलेली सीडी परत पाठवत आहे, तुझ्या 'फेकणे' खोक्यासाठी. खेळाची फ्लॉपी बटणांच्या डब्यातच राहील. कॉम्प्युटर कोणीही न्यावा असे मी पहिल्या पत्रात लिहिले होते, ते रद्द समज. मेनूत आता दुसरा पर्याय निवडून ठेवला आहे. मे महिन्यात दुकान बंद ठेवशील तेव्हा ये. पांढरे मोहरे तुला देईन. वजीर पहिल्या पाच खेळ्यांत बाहेर काढायचा नाही, हे नवे कलम.

तेव्हा डाव हरलो. शर्तीप्रमाणे आजची भांडी माझ्याकडे आली. हल्ली रोजच येतात, पण आज शर्तीने आली. पत्र इथे थांबवतो.

— भाऊजी

ता. क. पाकीट बंद करायच्या आधी लिहितो. घासून झाली. एक ताट, एक वाटी, एक कप. दुधाचे पातेले आज खाली लागले होते. पाणी घालून ठेवणार होतो, पण ठेवले नाही. त्याला वेळ लागला. तेही घासून पालथे घातले आहे.